निर्वासित ते कार्यकर्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्ध, छळ किंवा सत्तेच्या जाचामुळे देश सोडावा लागलेली माणसं परक्या भूमीवर आयुष्य कसं उभं करतात, आणि त्यांच्यातलेच काही जण पुढे आपल्या लोकांसाठी बोलायला कसे उभे राहतात, याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरं.

निर्वासित नेमकं कोणाला म्हणायचं?

१९५१ च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या कारणांवरून आपला छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, जो त्यामुळे आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या पूरक कराराने ही काळाची अट काढली.

आश्रयासाठी अर्ज केला आहे पण निर्णय लागलेला नाही, तो आश्रयार्थी. घरदार सोडलं पण देशाची सीमा ओलांडली नाही, तो देशांतर्गत विस्थापित. २०२४ च्या अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या सुमारे १२ कोटी ३२ लाख होती. त्यांपैकी ७ कोटी ३५ लाख लोक आपल्याच देशात विस्थापित होते.

बहुतेक निर्वासित श्रीमंत देशांत जातात ना?

नाही. सुमारे दोन-तृतीयांश निर्वासित शेजारच्या देशातच थांबतात, आणि बहुसंख्यांचा भार कमी किंवा मध्यम उत्पन्नाचे देश उचलतात. सुदानमधून निघालेला माणूस आधी चाड किंवा इजिप्त गाठतो, अफगाणिस्तानातला इराण किंवा पाकिस्तान. तिथून तिसऱ्या देशात रीतसर पुनर्वसन होण्याची संधी अगदी थोड्यांना मिळते. वर्षाकाठी शंभरातल्या एकालाही नाही.

आश्रय मंजूर झाला की प्रश्न सुटला, असं म्हणता येईल?

एकच प्रश्न सुटतो, पण तो सर्वांत मोठा असतो: आता कोणी परत धोक्यात ढकलणार नाही. कराराच्या ३३ व्या कलमाचा गाभा हाच आहे. बाकीचं सगळं त्यानंतर सुरू होतं.

घर भाड्याने घ्यायचं तर पूर्वीच्या घरमालकाचं पत्र मागतात, बँकेत खातं उघडायचं तर पत्त्याचा पुरावा. मुलाला शाळेत घालायचं तर जन्मदाखला लागतो, आणि तो जळालेल्या घरात राहिलेला असतो. मूळ देशाच्या वकिलातीत जाऊन नवा दाखला मागणं बहुतेकांना शक्य नसतं, कारण त्याच सरकारच्या भीतीने ते बाहेर पडलेले असतात. म्हणून कराराच्या २५ व्या कलमात आश्रय देणाऱ्या देशाने असे दाखले देण्याची व्यवस्था करावी, असं म्हटलं आहे. ही व्यवस्था कागदावर असते, पण खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला ती अनेकदा माहीत नसते. या एका गोष्टीपायी माणसांचे महिनेच्या महिने जातात.

आणि कुटुंब. नवरा एका देशात, बायको-मुलं दुसऱ्या देशातल्या छावणीत, म्हातारी आई मूळ गावीच, असं चित्र नेहमीचं आहे. कुटुंब एकत्र आणण्याचा अर्ज लांबत जातो, आणि तो लांबतो तेवढा वेळ नव्या भाषेच्या वर्गात बसलेल्या माणसाचं लक्ष फोनकडेच असतं. "हे लोक भाषा का शिकत नाहीत?" असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

शिकलेल्या माणसाला तर काम लगेच मिळत असेल?

उलट, त्याची घसरण अधिक खोल असते. सुताराचं कौशल्य हातात दिसतं. डॉक्टर, परिचारिका, वकील, शिक्षक यांना मात्र परवाना लागतो. पदवीची मूळ कागदपत्रं नसतात, विद्यापीठ बंद पडलेलं असतं किंवा पत्राला उत्तर देत नाही. युरोपात यावर एक चांगला उपाय निघाला. युरोप परिषदेने २०१७ पासून निर्वासितांसाठी पात्रता पारपत्र सुरू केलं. कागद अपुरे असले तरी सविस्तर मुलाखत घेऊन आणि उपलब्ध पुरावे तपासून शिक्षणाचं मूल्यमापन केलं जातं. त्याने डॉक्टरकीचा परवाना आपोआप मिळत नाही, पण पुढचं शिक्षण आणि नोकरी यांचं दार किलकिलं होतं.

मुळात काम करण्याची परवानगीच नसणं हा याहून मोठा अडसर. कराराच्या १७ व्या कलमात रोजगाराचा हक्क आहे, पण अनेक देशांनी त्यावर अटी घातल्या आहेत, आणि जॉर्डन, लेबनॉन, बांगलादेश, मलेशिया यांसारखे देश तर करारात सहभागीच नाहीत. युगांडाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याची आणि देशात फिरण्याची मोकळीक दिली. कोलंबियाने २०२१ मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्यांना दहा वर्षांचा संरक्षित दर्जा देऊ केला. दोन्ही देश श्रीमंत नाहीत. तेव्हा "आम्हाला परवडत नाही" हे कारण मला फारसं पटत नाही.

मग यांतला एखादा माणूस इतरांसाठी बोलायला कसा लागतो?

फार थोड्या जणांची सुरुवात व्यासपीठावरून होते. बहुतेकांची होते ती दुसऱ्याचा अर्ज भरून देण्यातून.

ज्याला नवी भाषा थोडी आधी आली, त्याच्याकडे शेजारी पत्र घेऊन येतात: "हे काय लिहिलंय, बघ जरा." पत्र वाचून दाखवायचं, मग सोबत कार्यालयात जायचं, मग दवाखान्यात दुभाष्या म्हणून बसायचं. वीस जणांना एकाच खिडकीवर एकच चुकीचं उत्तर मिळालं, हे सगळ्यांत आधी अशाच माणसाच्या लक्षात येतं. हा एकट्यादुकट्याचा दोष नाही, पद्धतीतच खोट आहे, हे त्याला कळतं. मग तो साहेबांना भेटायला जातो, सोबत चौघांना नेतो, अर्ज लेखी देतो, पोच मागून घेतो. जनवकिली म्हणतात ती इथे सुरू होते.

युगांडाची राजधानी कंपालात २००७ मध्ये काँगोतून आलेल्या काही तरुणांनी एकत्र येऊन 'यंग आफ्रिकन रेफ्युजीज फॉर इंटिग्रल डेव्हलपमेंट' ही संस्था उभी केली. शहरात राहणाऱ्या निर्वासितांना इंग्रजी शिकवणं, हाताला काम मिळेल असं कौशल्य देणं, एकमेकांशी फटकून असलेल्या गटांना एका ठिकाणी आणणं असं काम करता करता ती शहरी निर्वासितांच्या बाजूने बोलणारी मान्यवर संस्था झाली. छावणीतल्या माणसाकडे मदत संस्थांचं लक्ष असतं, पण शहराच्या गल्लीत खोली घेऊन राहणारा निर्वासित कोणाच्या यादीत नसतो. ही गोष्ट त्या गल्लीत राहणाऱ्यांना आधी कळली, यात नवल नाही.

दुसरं उदाहरण अब्दुल्लाही मिरे यांचं. सोमालियातल्या या मुलाचं बालपण केनियातल्या दादाब छावण्यांत गेलं. पुढे ते पत्रकार झाले. नॉर्वेत पुनर्वसन होऊनही ते केनियात परतले आणि छावण्यांतल्या मुलांपर्यंत पुस्तकं पोहोचवण्याचं काम हाती घेतलं. एक लाख पुस्तकं त्यांनी पोहोचवली, वाचनालयं उभी केली. निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था देते तो नानसेन निर्वासित पुरस्कार त्यांना २०२३ मध्ये मिळाला. छावणीत एका पुस्तकासाठी किती मुलं रांगेत असतात, हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नव्हतं.

आधी स्वतःचं बस्तान बसवावं, मग समाजकार्य, असा क्रम योग्य नाही का?

हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. तरीही तो बहुधा चुकीचा असतो, कारण बस्तान पूर्ण बसण्याचा दिवस अनेकांच्या बाबतीत येतच नाही. दादाबच्या छावण्या १९९१ पासून आहेत, केनियातलीच काकुमा छावणी १९९२ पासून. तिथे जन्मलेल्यांना आता मुलं झाली आहेत. त्यांनी कशाची वाट पाहायची?

मुझून अलमेलेहान ही सीरियन मुलगी जॉर्डनच्या झातारी छावणीत आली, तेव्हा स्वतः शाळकरी होती. आजूबाजूच्या मुलींची शाळा सुटते आहे, त्यांची लग्नं लवकर उरकली जात आहेत, हे पाहून ती तंबूतंबूत जाऊन आईबापांना समजावू लागली. ब्रिटनमध्ये पुनर्वसन झालं २०१५ मध्ये, आणि युनिसेफने तिला सदिच्छादूत नेमलं २०१७ मध्ये. काम मात्र तंबूत राहत असतानाच सुरू झालं होतं.

शिवाय दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हाही स्वतःला सावरण्याचाच भाग असतो. देश सुटला की माणसाची ओळखही सुटते. कालपर्यंत गावात ज्याच्या शब्दाला मान होता तो आज यादीतला एक क्रमांक असतो. अशा माणसाला कोणी सल्ला विचारायला आलं, तर त्याच्यातला जुना माणूस परत उभा राहतो. मी याला पुनर्वसनच म्हणेन, जरी कुठल्याही योजनेच्या तक्त्यात त्याला रकाना नसला तरी.

मुलांनी आईवडिलांसाठी दुभाष्याचं काम करणं चांगलंच नाही का?

घरातलं बिल वाचून दाखवण्यापुरतं ठीक. मुलं शाळेत भाषा पटकन उचलतात आणि घरचा सगळा व्यवहार त्यांच्यावर येतो. पण दहा वर्षांच्या मुलीने आईच्या आजाराची बातमी डॉक्टरकडून ऐकून आईला सांगायची, किंवा बापावर झालेल्या छळाचं वर्णन मुलाखतीत भाषांतरित करायचं, हे त्या मुलांवर फार मोठं ओझं आहे. आईबापही मुलासमोर खरं सांगत नाहीत, आणि मग खटला कमजोर होतो. प्रशिक्षित, मोबदला मिळणारे दुभाषे हवेत, ही मागणी बऱ्याच निर्वासित संघटनांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असते ती यामुळेच.

निर्वासिताला संघटना काढायची परवानगी असते का?

कराराच्या १५ व्या कलमानुसार कायदेशीररीत्या राहणाऱ्या निर्वासितांना बिगरराजकीय, ना-नफा संघटना आणि कामगार संघटना यांबाबत हक्क आहेत. प्रत्यक्षात नोंदणीच्या वेळी अडचण येते: पदाधिकाऱ्यांपैकी काही त्या देशाचे नागरिक असावेत अशी अट, बँक खात्याची अट, नोंदणी शुल्क. बरेच गट म्हणून स्थानिक संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करतात. ज्याचा आश्रयाचा अर्ज अजून प्रलंबित आहे, त्याने मोर्चा, मुलाखत किंवा संघटनेचं पद घेण्याआधी आपल्या वकिलाशी बोलून घ्यावं.

आपली कहाणी जाहीरपणे सांगावी का?

या प्रश्नावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि तेही सद्हेतूने.

निर्वासिताने आपली गोष्ट आधीच अनेकदा सांगितलेली असते. सीमेवरच्या अधिकाऱ्याला, नोंदणी करणाऱ्याला, आश्रयाच्या मुलाखतीत, वकिलाला, समुपदेशकाला. प्रत्येक ठिकाणी तपशील जुळतो का ते पाहिलं जातं. कहाणी सांगणं म्हणजे आपण खरे आहोत हे सिद्ध करणं, असं समीकरण त्याच्या मनात पक्कं होतं. अशा माणसाला एखाद्या संस्थेने कार्यक्रमाला बोलावलं आणि "तुमचा प्रवास सांगा" म्हटलं, तर नाही म्हणण्याचा पर्याय आपल्याला आहे हे त्याला जाणवतच नाही. ज्या संस्थेकडून घरभाड्याला मदत मिळते, तिला नकार द्यायचा कसा?

म्हणून बोलावणाऱ्यांनी काही पथ्यं पाळायला हवीत. काय विचारणार ते आधी सांगा. कुठे छापून येणार, व्हिडिओ किती काळ राहणार, हे सांगा. नाही म्हटलं तर मदतीवर परिणाम होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. आणि त्या माणसाला फक्त दुःख विचारू नका. घरभाड्याचं धोरण कुठे चुकतं, शाळाप्रवेशाचा नियम कसा बदलावा, हेही विचारा. तो भोगलेला आहे तसा जाणकारही आहे.

सांगणाऱ्याने स्वतःपुरतं एवढं पाहावं: मागे राहिलेल्या नातलगांना याचा धोका आहे का? खरं नाव, गावाचं नाव, चेहरा यांतलं काय लपवायला हवं? मुलं मोठी झाल्यावर हे वाचतील तेव्हा चालेल का? कहाणीचा कोणता भाग फक्त आपला ठेवायचा, हे आधी घरी बसून ठरवावं, माइकसमोर ठरवू नये. आणि एकदा दिलेली संमती मागे घेता येते.

एका माणसाच्या बोलण्याने खरंच काही बदलतं का?

बदलतं, पण वर्षं लागतात आणि मागे कागदोपत्री काम लागतं. नादिया मुराद यांचं नाव सगळ्यांना २०१८ च्या नोबेल शांतता पुरस्कारामुळे माहीत आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकच्या सिंजार भागात यझिदी या अल्पसंख्य धार्मिक समाजावर हल्ला झाला, त्या पकडल्या गेल्या, निसटल्या आणि जर्मनीत आसऱ्याला आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये त्या सुरक्षा परिषदेसमोर बोलल्या. टाळ्यांवर समाधान मानलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी आणि इतर यझिदी कार्यकर्त्यांनी, वकिलांनी पुरावे गोळा करण्याची मागणी लावून धरली. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २३७९ करून इराकमधल्या गुन्ह्यांचे पुरावे जमवण्यासाठी तपास पथक नेमलं. मार्च २०२१ मध्ये इराकच्या संसदेने बचावलेल्या यझिदी स्त्रियांना भरपाई आणि साहाय्य देणारा कायदा केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने यझिदींच्या वंशसंहाराबद्दल पहिल्यांदा एका आरोपीला दोषी ठरवलं. भाषण, ठराव, कायदा, निकाल, असा हा क्रम आहे, आणि प्रत्येक पायरीमागे पुन्हा पुन्हा जाऊन बसणारी माणसं आहेत.

धोरण ठरवणाऱ्या बैठकांत निर्वासितांना जागा मिळते का?

पूर्वीपेक्षा मिळते. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेल्या निर्वासितविषयक जागतिक समझोत्यात त्यांच्या अर्थपूर्ण सहभागाचा उल्लेख आहे. त्याच वर्षी जिनिव्हात निर्वासितांनी स्वतःचं जागतिक संमेलन भरवलं आणि त्यातून निर्वासितांच्या संघटनांचं जाळं पुढे आलं. कॅनडाने आंतरराष्ट्रीय बैठकांसाठीच्या आपल्या अधिकृत शिष्टमंडळात निर्वासित म्हणून आयुष्य काढलेल्या सल्लागाराला घेण्याची पद्धत सुरू केली.

तरी निमंत्रण आणि सहभाग यांत अंतर आहे. सहभाग खरा आहे का, हे तपासायला मी तीन गोष्टी पाहते. मसुदा ठरण्याआधी त्यांना बोलावलं की नंतर? प्रवासाचा व्हिसा आणि खर्च यांची सोय केली का? त्यांच्या सूचनेमुळे मसुद्यातली एक तरी ओळ बदलली का? व्हिसाची गोष्ट किरकोळ वाटेल, पण निर्वासितांच्या प्रश्नावरच्या बैठकीला निर्वासित पोहोचू शकत नाही, कारण त्याच्या प्रवासाच्या कागदावर कोणी शिक्का मारत नाही, असं आजही घडतं.

या कामाला पैसा कुठून येतो?

बहुतेकदा स्वतःच्या खिशातून आणि वर्गणीतून. २०१६ च्या इस्तंबूलच्या शिखर परिषदेत मोठे देणगीदार आणि मदत संस्था यांनी मानवतावादी निधीतला २५ टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांपर्यंत पोहोचवण्याचं कबूल केलं, पण निर्वासितांनी चालवलेल्या छोट्या गटांपर्यंत तो क्वचितच येतो. हिशेब तपासनीसाचा अहवाल, इंग्रजीतला लांबलचक प्रस्ताव, तीन वर्षांचा अनुभव, या अटी त्यांना जमत नाहीत. मोठी संस्था मग त्याच गटातल्या लोकांना "स्वयंसेवक" म्हणून फुकट राबवते. मला हे उघड अन्यायाचं वाटतं. दुभाष्याचं काम, घरोघर जाऊन माहिती देण्याचं काम हे काम आहे, आणि त्याचे पैसे द्यायला हवेत.

एक माणूस सगळ्या निर्वासितांच्या वतीने बोलू शकतो का?

नाही. एकाच देशातून आलेल्यांत भाषा, पंथ, जमात, राजकीय बाजू असे भेद असतात, आणि ते सीमा ओलांडल्यावर गळून पडत नाहीत. बऱ्याचदा पुढे येतो तो शिकलेला, इंग्रजी बोलणारा पुरुष. स्त्रिया, अपंग, समलिंगी व्यक्ती, अल्पसंख्य जमाती यांचे प्रश्न त्याला माहीत असतीलच असं नाही; कधी त्यांना त्याच्याच समाजाकडून त्रास असतो. चांगला कार्यकर्ता "आमच्या लोकांचं म्हणणं" असं म्हणण्याआधी कोणाकोणाला विचारलं ते सांगतो.

स्थानिक लोकांचा रोष होत नाही का?

होतो, आणि तो प्रत्येक वेळी द्वेषातूनच येतो असं नाही. शाळेत आधीच गर्दी असते, पाण्याची टंचाई असते, भाडी वाढतात. युगांडात निर्वासितांसाठीच्या मदतीतला ३० टक्के भाग आसपासच्या स्थानिक वस्तीसाठी वापरावा असं तत्त्व ठेवलं, ते याच विचाराने. निर्वासित कार्यकर्ते नवी शाळा मागताना ती दोघांच्या मुलांसाठी मागतात, तेव्हा त्यांचं म्हणणं लवकर ऐकलं जातं.

सतत दुसऱ्यांची दुःखं ऐकून हे लोक खचत नाहीत का?

खचतात. त्यांना कार्यालयाची वेळ नसते. रात्री दोन वाजता फोन येतो, आणि समोरच्याचा अनुभव आपल्याच अनुभवासारखा असतो. एका गावातून, एका बोटीतून आलेल्यांना "माझं काम संपलं" म्हणता येत नाही. पाळीपाळीने फोन घेणं, गटातल्या गटात बोलायची ठरलेली वेळ ठेवणं, आणि आत्महत्येचा विचार, घरातली हिंसा अशा गोष्टी तज्ज्ञांकडे सोपवणं, एवढं तरी गटाने पहिल्या दिवसापासून ठरवावं.

मी स्वतः निर्वासित आहे. सुरुवात कुठून करू?

तुमच्याकडे लोक कोणता प्रश्न घेऊन येतात, तिथून. महिनाभर एका वहीत लिहा: कोणतं कार्यालय, कोणती अडचण, काय उत्तर मिळालं. नावं लिहू नका. एकच अडचण वारंवार दिसली की तिच्याविषयीचा नियम शोधा आणि कायदेविषयक मोफत सल्ला देणाऱ्या एखाद्या संस्थेकडून तो नीट समजून घ्या. मग दोन-तीन जणांना सोबत घेऊन त्या कार्यालयाच्या प्रमुखाची वेळ मागा. पहिल्या भेटीत एकच मागणी ठेवा, ती त्यांच्या अधिकारातली असू द्या, आणि बाहेर पडण्याआधी पुढच्या भेटीची तारीख ठरवून घ्या.